यंदा अखाजीला मांडे नकोत

ती. आई आणि ती. नाना यांस,
सा. न.

फोनवर माझ्या शुगरचा, पथ्याचा विषय काढला की आई, तुझा आवाज लगेच भरून येतो, आणि नाना, तुम्ही फोन वहिनीच्या हातात देऊन ओट्यावर निघून जाता. म्हणून लिहायला घेतलं. दुपारचं जेवण झाल्यावर वाचा. आधी वाचलंत तर आई जेवणार नाही.

अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मी येतेय, ते पक्कं. तिकीट काढलंय. भुसावळला पहाटे उतरेन, दादाची झोप मोडू नका, फैजपूरची एसटी मिळते मला. चार दिवस राहीन. पण मांडे खाणार नाही. आमरस नाही, सांजोऱ्या नाहीत, आपल्या बागेतली केळी पण नाहीत. हे ठरलंय. विचारत नाहीये, सांगतेय. लिहिताना मलाच कसंतरी होतंय, कारण अखाजीला लेक माहेरी येते ती झोक्यावर बसायला आणि पोटभर खायलाच. पण आल्यावर ताटावर बसून नाही म्हटलं असतं तर तुला जास्त लागलं असतं, म्हणून आधीच.

आता कारण. एचबीए1सी म्हणून जी तपासणी असते, मागच्या दोन-तीन महिन्यांत रक्तात साखर सरासरी किती राहिली ते सांगणारी, ती माझी 8.6 आली होती. 6.5 किंवा त्याच्या वर गेलं की शुगर म्हणतात. आता 6.9 वर आहे. मेटफॉर्मिन चालू आहे, ती काही सुटलेली नाही, पण नुसत्या गोळीने इतकं उतरलं नसतं असं डॉक्टरीणबाई स्वतः म्हणाल्या. ताट बदललं म्हणून उतरलं. ते ताट चार दिवसांसाठी मोडलं तर काय बिघडतं, हा तुझा प्रश्न मला ऐकू येतोय आई. चार दिवसांनी बिघडत नाही, खरंय. पण मी मला ओळखते. पहिला मांडा तोंडात गेला की मी पुण्यात परत येऊन पोळी-तूप-साखरेवर बसेन. मोठ्या आत्याचंही "सणापुरतं" असंच सुरू व्हायचं. पुढचं मी लिहीत नाही.

तू म्हणतेस, "तू कुठे गोड खायचीस वं, तुला कशी झाली?" गोड नव्हते खात, पण दुसरं काय खात होते? खिचडी, पोळी, बटाटा, केळं, पोहे. वांगं फक्त भरतातलं. गिलके गिळगिळीत म्हणून नको, दोडक्याला शिरा म्हणून नको, मेथी कडू, शेपूला वास, दह्याला वास, अंडं तर घरात शिजलं तरी मी अंगणात. तू फोडणीतली मोहरी बोटाने वेचून काढायचीस माझ्या वाटीतून, बाकीचे जेवून उठायचे आणि तू वेचत असायचीस. नाना म्हणायचे, हिला दोन दिवस मळ्यात नेऊन सोडा, भूक लागली की काड्यासुद्धा खाईल. मळ्यात नेलं तर तिथेही मी केळीच खाल्ली, घडाच्या घड.

त्यामुळे "कर्बोदकं कमी करा" असं बाईंनी सांगितलं तेव्हा मी मनात म्हटलं, मग उरलं काय? मला आवडणारं सगळंच त्या यादीत. डाएटच्या कागदावर लिहिलं होतं, सॅलड, मोड आलेली कडधान्यं, दुधीचा रस. दुधीचा रस! वाचूनच मळमळलं.

आणि तुमचा दोघांचा सगळ्यात लाडका मुद्दा, "मग भाकरी खा, भाकरी चालते." नाना, हे तुम्ही इतकी वर्षं म्हणताय की गावात निम्मे लोक तुमचं ऐकून भाकरी खातात. मी काय केलं, तुमच्या मापाची भाकरी थापण्याआधी पीठ वजनकाट्यावर ठेवलं. 75 ग्रॅम भरलं. ज्वारीच्या पिठात 100 ला साधारण 68 ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे एका भाकरीत 50 च्या आसपास. गव्हाच्या पिठातही फार वेगळं नाही. ज्वारीत कोंडा असतो, म्हणून मैद्यापेक्षा बरी, साखर जरा सावकाश चढते, एवढं कबूल. पण तुम्ही अडीच खाता. अडीच भाकऱ्या म्हणजे 125. मी अख्ख्या दिवसाचं 130 च्या आत ठेवते. कळण्याच्या भाकरीत उडीद असतात, प्रथिनं थोडी जास्त मिळतात, म्हणून मी भाकरी खाल्ली तर कळण्याचीच खाते, अर्धी, दुपारी. रात्री नाही.

आता आई, तुझी खरी काळजी. पोर उपाशी राहते. नाही राहत गं. खरंच सांगते. सकाळी दोन अंडी. हो, अंडी, मी. उकडलेलं अजून चालत नाही, वास येतोच, पण कांदा, मिरची आणि आपला काळा मसाला घालून तव्यावर कडक केलं की वास मरतो. दुपारी भाजी भरपूर, एक वाटी वरण, कधी पनीर, शेंगदाण्याची चटणी आणि ती अर्धी भाकरी. संध्याकाळी मूठभर शेंगदाणे. शेंगदाण्यात 100 ग्रॅमला कर्बोदकं 16 च्या आसपास आणि प्रथिनं 25, म्हणजे आपल्या खान्देशी माणसाला देवानेच सोय करून ठेवलीय, फक्त मूठ मोठी करायची नाही. रात्री ताक, भाजी, चिकन असलं तर चिकन. सासूबाई काही बोलत नाहीत. त्या त्यांचा वरण-भात लावतात, मी माझं ताट वेगळं वाढून घेते. सुरुवातीला डोकं दुखायचं, पिंडऱ्या वळायच्या, तेव्हा बाईंनी मीठ घालून ताक प्यायला लावलं, थांबलं. झोप छान लागते. दुपारी ऑफिसात जी गुंगी यायची ती गेली. केस गळत नाहीत, तू विचारणार आहेस म्हणून सांगून ठेवते.

भाज्या कशा खायला लागले ते ऐकशील तर हसशील. मला चवीचा त्रास कमी आणि मऊपणाचा जास्त, हे मला या वयात कळलं. गिलक्याच्या पातळ चकत्या करून, मीठ लावून, पाणी पिळून, तव्यावर थोड्या तेलात कडक केल्या आणि वरून शेंगदाण्याचं कूट. गिळगिळीत राहतच नाहीत. कारल्याचंही तसंच. कोबी शिजवतच नाही, मोठ्या आचेवर नुसती परतून उतरवते. नवीन भाजी आठवड्याला एकच, आणि ती पण ठेच्याबरोबर, म्हणजे जीभ ओळखीच्या चवीला धरून असते. मेथी अजून जमत नाही. फ्लॉवर किसून त्याचा भात करतात, तो केला एकदा, भात म्हणून खायला घेतला की रडू येतं आणि भाजी म्हणून खाल्ला तर बरा लागतो. बदामाच्या पिठाची भाकरी थापली तर तव्यावर तुकडे पडले, आणि त्या पिठाच्या किमतीत नानांच्या चपला आल्या असत्या. असल्या नकला करण्यापेक्षा भाकरीची आठवण आली तर खरी भाकरी अर्धी खावी, हे माझं मत.

भरीत मात्र वाचवतं मला. वांग्यात कर्बोदकं अगदीच थोडी, शेंगदाणे, लसूण, कांद्याची पात, तेल, सगळं चालणारं. इथे गॅसवर भाजते. कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजलेल्याचा तो धूर काही येत नाही, आणि बडगी नाही म्हणून वाटीच्या बुडाने ठेचते. इथली वांगी पण कसली, जांभळी, बियांची. आपल्याकडच्या हिरव्या पांढुरक्या वांग्याला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तेव्हा नाना पेढे वाटत होते, आता कळतंय का ते. (केळीला पण त्याच वर्षी मिळाला. त्याचं मी काही बोलत नाही. एका केळ्यात 25 ग्रॅम.)

तर अखाजीला मला हे कर. भरीत, पहिल्या दिवशी, बामणोदची वांगी मिळाली तर बघ, हंगाम सरलाय पण दादा शोधतो. तुरीच्या डाळीचे फुनके आणि कढी, कढीत गूळ नको आणि बेसन चिमूटभर, फुनके मला दोन-तीन पुरे. मिरचीची भाजी. गिलके मीच करून दाखवते तुला. आणि मांडे कर, आई. माझ्यासाठी बंद ठेवू नकोस, पितरांच्या घागरीपुढे नैवेद्य लागतोच, आणि दादाच्या पोरांनी काय पाप केलंय? मी खापराजवळ बसेन. ती पोळी तू कोपरापर्यंत दोन्ही हातांवर झुलवत झुलवत मोठी करतेस आणि उलट्या खापरावर एका झटक्यात टाकतेस, ती आतलं पुरण दिसेल इतकी पातळ होते तरी फाटत नाही, ते मला शिकायचंय. शिकायला खावं लागत नाही. आणि तू "एक घास घे" म्हणू नकोस. तू म्हणालीस तर मी घेईन, तुला माहिती आहे.

आता नाना. आई, तू एकटी वाचत असशील तर त्यांना पण बोलावून घे, आणि फोनसारखं ओट्यावर जाऊ देऊ नकोस.

वहिनी म्हणाली तुम्ही "पोरगी करते तर मी का नाही" म्हणून रात्रीची भाकरी सोडली, आणि पहाटे घामाने बनियन भिजला होता, हात थरथरत होते. तुम्ही म्हणालात उकाडा आहे. नाना, उकाड्याने हात थरथरत नाहीत. माझी गोळी वेगळी आणि तुमची वेगळी. मेटफॉर्मिन एकटी असली तर साखर सहसा फार खाली पाडत नाही. तुम्हाला त्याबरोबर ग्लिमेपिराइड आहे, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवला आहात की नाही ते ती बघत नाही. भाकरी काढली आणि गोळी तेवढीच ठेवली की साखर 70 च्या खाली जाऊ शकते. तुमची जिद्द मला आवडते, मी तुमचीच आहे, पण यात माझ्याशी पैज लावू नका.

म्हणून, डॉक्टरांकडे जाऊन येईपर्यंत रात्रीची एक भाकरी परत सुरू करा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, अर्धी पण करू नका. या आठवड्यातच दादाबरोबर जा आणि सांगा, मला भाकरी कमी करायची आहे, गोळी किती ठेवू. त्यांना क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासायला सांगा, मूत्रपिंड ठीक असल्याशिवाय माझ्यासारखी अंडी-पनीर वाढवायची नाहीत. पुन्हा घाम, थरथर, अंधारी आली, उगाच आईवर ओरडावंसं वाटलं, तर आधी मीटर, आणि मीटर सापडत नसेल तर थेट तीन चमचे साखर पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. आई, नाना बोलताना अडखळले किंवा शुद्धीवर नसले तर तोंडात काही घालू नकोस, दादाला गाडी काढायला सांग. साखरेचा डबा त्यांच्या उशाशी ठेव. हो, मीच सांगतेय, साखरेचा डबा.

एकादशीबद्दल भांडायचं नाही मला. मुक्ताईवर माझीही श्रद्धा आहे. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, आणि भगर-बटाट्यातही मुख्यतः स्टार्चच. सकाळी काही नाही आणि दुपारी ताटभर साबुदाणा, वर ती गोळी, म्हणजे आधी खाली आणि मग एकदम वर. ताक, शेंगदाण्याची आमटी, काकडी, थोडी भगर, असं दोन-तीन वेळा घ्या. उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते पण त्याच वेळी डॉक्टरांना विचारा. आणि गूळ "नैसर्गिक" म्हणून चहात घालता तो बंद. रक्तात जाऊन तो साखरच होतो.

चपला. तळपाय बधिर झालेत हे तुम्ही मला नाही सांगितलंत, आईने सांगितलं. वैशाखात आपल्याकडे 44-45 असतं, बांधावर अनवाणी गेलात आणि भाजलं तरी तुम्हाला कळणार नाही. मी येताना मऊ तळव्याच्या आणतेय, तोवर जुन्या घाला. रात्री आईने बॅटरी घेऊन तळपाय बघायचे, बोटांच्या मध्ये पण. लाजू नका, इतकी वर्षं संसार झाला.

मी रागावून लिहितेय असं वाटलं तर तसं नाही. मला इथे रात्री फोन वाजला की छातीत धस्स होतं, एवढंच. तुम्ही दोघं नीट जेवताय, नीट झोपताय, हे कळलं की मी पण अर्धी भाकरी गोडीने खाते.

रिपोर्ट आले की दादाला सगळ्या पानांचे फोटो पाठवायला सांगा, मागच्या वेळेसारखं फक्त चांगल्या पानाचा नको. मीटरच्या पट्ट्या संपल्या असतील तर आजच आणायला लावा. रविवारी संध्याकाळी फोन करते, तेव्हा उपाशीपोटीचा आणि जेवणानंतरचा आकडा वहीत लिहून हाताशी ठेवा, नाना. फोन वहिनीकडे द्यायचा नाही.

तुमची,
बेबी