दुसरी तक्रार ‘डुप्लिकेट’ नाही, दुसऱ्या खुर्चीची आहे

दि. १३ मे २०२५
जुळे सोलापूर, सोलापूर

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : लहान मुलांच्या दोन हायचेअरपैकी दुसरीच्या तुटलेल्या खटक्याची तक्रार ‘डुप्लिकेट’ म्हणून बंद केल्याबाबत.

महोदय,

मला जुळ्या मुली आहेत. वय एकोणीस महिने. हे वाक्य मी फोनवर तीनदा, चॅटवर दोनदा आणि ईमेलमध्ये एकदा लिहून-बोलून झालं आहे. तरी पुन्हा पहिल्याच ओळीत लिहिते, कारण सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो.

तुमच्या वेबसाइटवरून मी एकाच ऑर्डरमध्ये दोन हायचेअर मागवल्या. एकीची किंमत ४,२५० रुपये, दोन्हींचे मिळून ८,५००. त्या ६ फेब्रुवारीला घरी आल्या. बिल सोबत जोडलं आहे आणि त्यावर नग २ असं स्वच्छ छापलेलं आहे.

एवढे पैसे खुर्च्यांवर का घातले, ते सांगते. दीड वर्षाच्या दोन मुलींना जमिनीवर बसवून जेवू घालणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. एकीच्या तोंडात घास घालेपर्यंत दुसरी उंबऱ्यापाशी पोचलेली असते. तिला धरून आणावं, तर पहिलीने वरणाची वाटी डोक्यावर पालथी घातलेली असते. आधी एकीला भरवू, मग दुसरीला, असंही करून पाहिलं. दुसरीचं होईपर्यंत पहिलीला परत भूक लागते, झोपा मागेपुढे होतात आणि रात्री अकरा वाजता एक गाढ झोपलेली नि दुसरी खिडकीच्या गजाला लटकून कुत्र्यांशी बोलतेय, असा देखावा असतो. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. साडेनऊला घर सोडावं लागतं. त्यात आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी सासूबाई पिंप, बादल्या, हंडे, कळशा यांच्यामागे असतात, त्यांना हाक मारायची सोय नसते. दोघींना समोरासमोर बसवून, कडक भाकरी वरणात भिजवून एकदमच भरवता यावी, यासाठी त्या खुर्च्या होत्या. आणि खरं सांगायचं तर पहिला दीड महिना त्यांनी चांगलं काम दिलं. सकाळचा पाऊण तास वाचला. एवढं श्रेय तुम्हाला देते.

२४ मार्चला पहिल्या खुर्चीच्या ट्रेखालचा डावा खटका तडकला. ट्रे एका बाजूने लोंबकळायला लागला. मी लगेच फोटो, व्हिडिओ आणि खुर्चीच्या बुडाशी चिकटवलेला अनुक्रमांक पाठवला. तुमच्याकडून तक्रार क्रमांक आला, दोन दिवसांत ‘नवीन ट्रे पाठवतो’ असं उत्तरही आलं. इथवर सगळं ठीक.

३० मार्चला गुढीपाडवा होता. धाकटी (सहा मिनिटांनी धाकटी) दुसऱ्या खुर्चीत बसून श्रीखंड खात होती. खात होती म्हणजे ट्रेवर सारवत होती. सारवता सारवता ती पुढे वाकली आणि त्याही खुर्चीचा डावा खटका, नेमक्या त्याच जागी, तुटला. ट्रे सटकला. कमरेचा पट्टा लावलेला होता म्हणून ती खाली पडली नाही, पण ट्रेच्या कडेवर कपाळ आपटलं आणि लिंबाएवढं टेंगूळ आलं. ती रडली म्हणून थोरलीही रडली. आमच्याकडे रडणं नेहमी दोन नगांतच येतं.

त्याच संध्याकाळी मी दुसरी तक्रार नोंदवली. वेगळे फोटो, वेगळा व्हिडिओ, वेगळा अनुक्रमांक. १ एप्रिलला संदेश आला : ‘आपली तक्रार डुप्लिकेट असल्याने बंद करण्यात येत आहे.’ तारीख बघून वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय.

९ एप्रिलला एक ट्रे आला. एकच.

११ एप्रिलला ग्राहक सेवेला फोन लावला. अठरा मिनिटं तुमचं संगीत ऐकलं. मग एका ताईंनी हिंदीत विचारलं, ट्रे मिळाला ना, मग आता काय प्रॉब्लेम आहे? मी म्हटलं, तो पहिल्या खुर्चीचा. दुसरीचा? त्या म्हणाल्या, सिस्टीममध्ये एका ऑर्डरवर एकाच वस्तूची तक्रार दिसतेय, तीच परत आलीय. मी म्हटलं, वस्तू दोन आहेत. त्या म्हणाल्या, पण प्रॉडक्ट एकच आहे. यावर काय बोलणार? मग पत्ता पडताळायला त्यांनी माझ्याकडून पत्ता वदवून घेतला आणि ‘जुळे सोलापूर’वर अडल्या. हे जुळे म्हणजे काय? मी सांगितलं, ट्विन. त्यांना वाटलं मी परत मुलींचंच बोलतेय. त्यांनी अतिशय शांतपणे मला सांगितलं की मॅडम, ते कळलं, आता फक्त ॲड्रेस सांगा. आमच्या वसाहतीचं नावच तसं आहे, हे त्यांना पटवण्यात आणखी पाच मिनिटं गेली. त्या ताईंवर माझा राग नाही. समोरच्या पडद्यावर जे दिसत होतं तेच त्या वाचत होत्या.

राग आहे तो पडद्यावर तसं दिसायची सोय ज्यांनी केली, त्यांच्यावर.

सारखी दिसणारी दोन माणसं वेगळी ओळखणं सोपं नसतं, हे मला कुणी शिकवायला नको. आमच्या मुली अगदी एका साच्यातल्या. पहिले तीन महिने थोरलीच्या पायाच्या अंगठ्याला आम्ही लाल नेलपॉलिश लावत होतो. सासूबाई एकीला उजव्या गालावर तीट लावायच्या, दुसरीला डाव्या. दोघींना ताप आला की फ्रिजच्या दारावर कागद लावतो : कुणाला, किती वाजता, किती मिली. एकीला दोनदा औषध गेलं आणि दुसरी तशीच राहिली, ही भीती जुळ्यांच्या प्रत्येक घरात असते. म्हणून आम्ही लिहून ठेवतो. झोपेत असलो तरी लिहितो. तुमच्या खुर्च्यांवर तर तुम्हीच अनुक्रमांक छापले आहेत. माझ्या दोन खुर्च्यांच्या क्रमांकांतला फक्त शेवटचा आकडा वेगळा आहे, पण वेगळा आहे. नेलपॉलिश लावायचीही गरज नव्हती, फक्त वाचायचं होतं.

१४ एप्रिलला चॅटवर दुसऱ्या एका प्रतिनिधीने नवीनच कारण काढलं. जास्त उष्णतेमुळे प्लॅस्टिक ठिसूळ होऊ शकतं, खुर्ची उन्हात ठेवली होती का? खुर्च्या स्वयंपाकघरात असतात. आता सोलापूरच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरही गारेगार नसतं, हे मान्य. पण इथे मार्चच्या शेवटी पारा चाळिशीला टेकतो आणि मे महिन्यात त्याच्याही वर जातो, ही काही यंदाची नवलाई नाही. सोलापूरच्या पिन कोडवर माल पोचवायचा म्हणजे सोलापूरचा उन्हाळा सोसणारा माल पाठवायचा. शिवाय वेबसाइटवर १५ किलोपर्यंतच्या मुलासाठी असं लिहिलंय, माझ्या मुली दहा-दहा किलोच्या आहेत. दोघींना एकाच खुर्चीत कोंबलं असतं, तर तुमचं म्हणणं मी ऐकून घेतलं असतं.

या बाबतीत आमच्या कारखान्यात काय होतं ते सांगते. तपासणीच्या टेबलावर टॉवेल उलगडून बघतात. डाग, तुटका धागा, सुटलेली कडा दिसली की तो नग सेकंडमध्ये जातो आणि सेकंड म्हणूनच विकला जातो. पण एकाच लॉटमधले दोन टॉवेल एकाच जागी विरलेले निघाले, तर कुणी म्हणत नाही की दुसरा टॉवेल डुप्लिकेट आहे, सोडून द्या. तेव्हा माग थांबवतात आणि बघतात की बिघाड कुठे आहे. एकाच खेपेच्या दोन खुर्च्यांचा एकच खटका एकाच जागी सहा दिवसांच्या अंतराने तुटतो, तेव्हा दुसरी तक्रार पहिलीपेक्षा जास्त महत्त्वाची असते. तीच तुम्ही कचऱ्यात टाकली.

सध्या घरात एक धड खुर्ची आहे आणि एक बिनट्रेची. धड खुर्चीत कोण बसणार यावरून रोज सकाळी जे होतं ते लिहीत नाही, शेजारी साक्षीला आहेत. बिनट्रेच्या खुर्चीत बसणारीला सासूबाई आमच्याच कारखान्याच्या टॉवेलने छातीशी बांधतात. टॉवेल टिकलाय. परवा मी पुन्हा फोन लावून बसले होते, तर त्या म्हणाल्या, “काय म्हणू लालेत ते? कंपनीवाल्यांना दोन मोजता येईना का?”

१६ एप्रिलच्या ईमेलला आजपर्यंत उत्तर नाही. ई-कॉमर्सच्या २०२०च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि महिन्याभरात तिचं निवारण करायचं असतं. त्या ईमेलची पोचही आली नाही आणि ३० मार्चच्या तक्रारीला तर महिना उलटून गेला आहे. म्हणून आता लेखी मागते :

दुसऱ्या खुर्चीची तक्रार स्वतंत्र क्रमांकाने पुन्हा उघडा. मला नुसता ट्रे नको, कारण नवीन आलेल्या ट्रेचा खटकाही जुन्याच बनावटीचा आहे आणि तो किती दिवस टिकेल याची मला खात्री नाही. खटका सुधारलेला असेल तर दोन्ही खुर्च्यांना द्या, नसेल तर दोन्ही परत घेऊन ८,५०० रुपये परत करा. आणि त्या खेपेच्या खुर्च्या ज्या ज्या घरांत गेल्या असतील, त्यांना कळवा. आमच्या धाकटीला पट्टा लावलेला होता. घाईत तो लावायचा राहून जातो, हे कुठल्याही आईला विचारा.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला राहत्या ठिकाणी दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फीही नाही. एक दिवसाची रजा काढावी लागेल, ती मी काढीन. दोघींनाही सोबत आणीन.

आपली,
एक ग्राहक
(दोन मुलींची आई)

सोबत : बिलाची प्रत, दोन्ही खुर्च्यांच्या अनुक्रमांकांचे फोटो, दोन्ही तुटलेल्या खटक्यांचे फोटो, १ एप्रिलच्या संदेशाची प्रत.

ता. क. : हे पत्र दोन वेगळ्या पाकिटांतून स्पीड पोस्टाने पाठवत आहे, दोन्हींत मजकूर हाच आहे. पण पहिल्या पाकिटात पहिल्या खुर्चीचे फोटो आहेत आणि दुसऱ्यात दुसरीचे. दुसरं पाकीट कृपया उघडावं.