पहिल्या वर्षाचा वर्ग

सांगली

प्रिय मृणाल,

सातारच्या गव्हर्नमेंट मेडिकलला नंबर लागला हे ऐकून इतका आनंद झाला म्हणून सांगू! घर सुटणार नाही, काकूंच्या हातचं जेवण मिळणार. ‘वर्गात झेपेल का गं?’ असं तू फोनवर विचारलंस, त्याचं उत्तर घाईत देण्यासारखं नव्हतं.

फिजिओलॉजी-बायोकेमिस्ट्रीचं भेटल्यावर बोलू. सगळ्यांना धास्ती असते ती अॅनाटॉमीची. ब्रॅकियल प्लेक्ससचंच घे. मानेतून हातात उतरणारं नसांचं हे जाळं: सी-५ ते टी-१ अशी ५ मुळं (सी म्हणजे मानेच्या, टी म्हणजे छातीच्या मणक्यांजवळून निघणारी), ती जुळत-फुटत जातात तशी मग ३ ट्रंक, ६ डिव्हिजन, ३ कॉर्ड. लेक्चरला तासाभरात सगळं पडद्यावरून सरकून जातं. तिथं धमनी लाल, शीर निळी, नस पिवळी. डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे मृतदेह उघडून शिकतात तिथं, मात्र सगळं एकाच मातकट रंगाचं, त्यात देह टिकवायच्या फॉर्मलिननं डोळे चुरचुरतात. आमच्या टेबलवरच्या मॅडमनी काखेतल्या नसांखाली फोरसेप्स घालून त्या अलगद उचलल्या आणि म्हणाल्या, ‘आधी एम शोधा.’ धमनीच्या पुढ्यात तीन नसा मिळून खरंच इंग्रजी एम अक्षर होतं. तो सापडला की बाकीच्या फांद्या बोटांनी चाचपत शोधता येतात. मॅडम निम्मं मराठीत बोलायच्या, ऑल इंडिया कोट्यातल्या मुलांना तेच पुन्हा इंग्रजीत. मला त्या दोन्ही भाषांचा आधार वाटला.

पण ते जाळं खरं कळलं वॉर्डात. काही दिवसांचं बाळ होतं. जन्मताना खांदा अडकला, मान ताणली गेली आणि सी-५, सी-६ च्या मुळांना इजा झाली. सरांनी बाळाला दचकवलं, तर डावा हात झटकन वर आला. उजवा अंगालगत तसाच, कोपर सरळ, तळवा मागे वळलेला. आई सरांना एवढंच विचारत होती, ‘बरा हुईल न्हवं ओ डॉक्टर?’ सरांनी खाली बसून तिला समजावलं, की पुष्कळ बाळांचा हात काही महिन्यांत सुधारतो, पण व्यायाम चुकवायचा नाही. तो कसा द्यायचा हे तिचा हात धरून दाखवलं. त्या दिवसानंतर सी-५ मला कधी पाठ करावा लागला नाही.

माझं ठाम मत झालंय, पेशंट आधी आणि स्लाइड नंतर हवी. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी पेशंट दाखवतात, हे फार बरं झालं. तो तास बुडवू नकोस. डिसेक्शनला टेबलाजवळ उभी राहा; मागच्या रांगेतून फक्त अॅप्रनच्या पाठी दिसतात. आणि ज्यांनी देहदान केलंय त्यांच्याबद्दलची शपथ पहिल्या दिवशी देतील, ती मनापासून घे.

बोन सेट, म्हणजे अभ्यासाची हाडं, विकत घेऊ नकोस. माझा आता मोकळा झालाय, दिवाळीला येताना घेऊन येते. काका-काकूंना नमस्कार.

तुझीच,
अनघा