चौथ्या तपासणीआधी

प्रिय बाळा,

समोर बसून बोललो असतो तर दोघांनीही पंख्याकडेच बघितलं असतं, म्हणून तुझ्या एचआयव्हीच्या भीतीबद्दल लिहितोय.

परवा रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठलो, तर तू आरशापुढे आ वासून मोबाइलच्या उजेडात घसा बघत होतास. मग जबड्याखाली दोन्हीकडून चाचपलंस, गाठी आल्यात का म्हणून. थर्मामीटर तर हल्ली तुझ्या उशीखालीच असतो. अरे, एकच जागा दिवसातून वीस वेळा दाबली की ती दुखणारच!

तू सांगितलंस ते मी नीट ऐकलं. त्या संध्याकाळी त्या मुलीबरोबर चुंबन, मिठी, हाताचा स्पर्श, त्यापुढे काही नाही. लाळेतून एचआयव्ही पसरत नाही. हा विषाणू रक्तातून, वीर्यातून, योनिस्रावातून जातो, आणि त्यालाही आत शिरायला वाट लागते. धड असलेली कातडी ती देत नाही. शरीराबाहेर तर तो फार तग धरत नाही. दोघांच्याही हिरड्यांतून रक्त येत असताना घेतलेल्या चुंबनातून लागण झाल्याची अगदी विरळा नोंद आहे. (हे वाक्य तू दहा वेळा वाचणार, म्हणूनच लिहिलं. तुझ्या हिरड्यांतून रक्त येत नव्हतं, हे तूच सांगितलंयस.)

खरं तर तुला तपासणीची गरजच नव्हती. तरी तू नवव्या दिवशी केलीस, विसाव्या दिवशी केलीस. नवव्या दिवसाच्या निगेटिव्हला काही अर्थ नसतो. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणाऱ्या अँटिजेन-अँटिबॉडी तपासणीत (ती विषाणूचा अंश आणि त्याविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधते) लागण दिसायला 18 ते 45 दिवस लागतात. तिसरी तू अठ्ठेचाळिसाव्या दिवशी केलीस, तीही याच प्रकारची आणि तीही निगेटिव्ह. विषय तिथेच संपला. आता चौथी कशाला? संपर्कानंतर लागण टाळण्यासाठी घ्यायच्या 28 दिवसांच्या गोळ्यांचंही तू विचारत होतास. त्या 72 तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, आणि अशा संपर्कासाठी डॉक्टर त्या देतही नाहीत.

चुंबनातून काहीच होत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. ओठावर फोड आणणारा हर्पिस त्यातून लागतो. जखमेला थेट स्पर्श झाला तर सिफिलीस हा लैंगिक आजारही लागू शकतो. कधी फोड किंवा न दुखणारा व्रण दिसला, तर डॉक्टरांना दाखव, आरशाला नको. एचपीव्हीची (काही कर्करोगांना कारण ठरणारा विषाणू) आणि हिपॅटायटिस बीची (यकृताचा आजार) लस घेतली नसशील तर तेही त्यांना विचार. आणि पुढे कधी गोष्ट याहून पुढे गेली, तर निरोध वापर. बापानं हे लिहावं का, असा विचार करत पेन दोन वेळा खाली ठेवलं.

मला वाटतं, तुला धास्ती विषाणूची कमी आहे. त्या संध्याकाळी आपण काहीतरी पाप केलं, आणि त्याची शिक्षा अजून यायची आहे, असं काहीसं तुझ्या मनात घर करून बसलंय. कडक बोलणारा बाप असला की मुलाला असं वाटतं. त्यातला माझा वाटा मी घेतो. पण ती मुलगी तुला आवडली होती ना? गेले सात आठवडे तू तिचा फोनही घेतलेला नाहीस. तिला काय वाटत असेल?

भीती आवरतच नसेल, झोप लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊ. मी बाहेर बसेन, काही विचारणार नाही.

थर्मामीटर मी माझ्या कपाटात ठेवलाय. ताप आला तर माग.

तुझा,
बाबा