मार्चअखेरचा साठा आणि तुरीचा हंगाम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपूरजवळच्या मिहान आणि बुटीबोरी या औद्योगिक क्षेत्रांतील नव्या गुंतवणुकीच्या बातम्या आपल्या दैनिकात नियमित येतात. जमीन किती, भांडवल किती, रोजगार किती, हे त्यांतून कळते. कारखाना उभा राहिल्यावर त्याचे निरनिराळे विभाग एका दिशेने चालतात की नाही, याची चर्चा मात्र कुठे होत नाही. माझ्या अनुभवात कंपन्या बाजारात मागे पडतात त्या बहुधा इथेच. हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्यात मी २२ वर्षे स्टोअर, म्हणजे सुट्या भागांचे आणि मालाचे कोठार, सांभाळले. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही.

आम्ही डाळ मिलची यंत्रे बनवीत होतो. आमचे यंत्र इतरांपेक्षा महाग होते आणि तरीही विकले जाई, कारण हंगामात ते बंद पडले तर २४ तासांत सुटा भाग आणि मेकॅनिक मिलवर पोहोचेल, असा आमच्या विक्री विभागाचा शब्द असे. विदर्भातील नवी तूर डिसेंबर-जानेवारीपासून बाजारात येऊ लागते आणि पुढचे तीन-चार महिने मिलवाल्याला एक दिवसही यंत्र बंद ठेवणे परवडत नाही. नेमक्या याच काळात, ३१ मार्चच्या ताळेबंदात साठा कमी दिसावा म्हणून, लेखा विभागाचे परिपत्रक फेब्रुवारीतच येऊन पडे: नवी खरेदी थांबवा, स्टोअरमधला माल घटवा. माझे वार्षिक मूल्यमापन साठा किती घटला यावरच होत असे. मी तो इमानेइतबारे घटवीत असे आणि शाबासकीही घेत असे.

एका मार्च महिन्यात कळमन्याकडच्या एका मिलमध्ये रोलरचा शाफ्ट तुटला. तो आमच्याच मापाचा, त्यामुळे इतवारीच्या बाजारात शोधून मिळणारा नव्हे. आमचा मेकॅनिक सहा तासांत तिथे पोहोचला, पण स्टोअरमध्ये शाफ्ट एकही नव्हता. एक नग बनवून द्या म्हणून मी मशीन शॉपमध्ये गेलो, तर तिथे पूर्ण यंत्रांचे महिन्याचे टार्गेट अपुरे होते आणि एका शाफ्टसाठी लेथचे सेटिंग मोडायला कोणी तयार होईना. मेकॅनिक दोन दिवस तुरीच्या पोत्यांवर बसून होता. शाफ्ट चौथ्या दिवशी गेला. पुढच्या वर्षी त्या मालकाने दुसरे यंत्र घेतले, ते आमच्याकडून घेतले नाही. गंमत अशी की त्या महिन्याच्या आढावा बैठकीत प्रत्येक विभागाने आपले उद्दिष्ट गाठले होते. साठा घटला होता, उत्पादन पूर्ण झाले होते आणि मेकॅनिक वेळेत पोहोचल्याची नोंद सर्व्हिस विभागाकडे होती.

लेखा विभागाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. पडून राहिलेल्या मालात पैसा अडकतो आणि बँकेचे व्याज चालू राहते, हे खरेच आहे. कंपनी स्वस्त दरावर धंदा करणारी असती, तर तेच परिपत्रक योग्य ठरले असते. हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल पोर्टर यांनी १९८० च्या दशकात मांडले की कंपनीने कमी खर्चाच्या बळावर स्पर्धा करायची की वेगळेपणाच्या, हे निवडावे लागते. दोन्हींच्या मधोमध अडकलेल्या कंपनीचे सहसा भले होत नाही. आमची निवड झालेली होती, पण ती विक्री विभागाच्या माहितीपत्रकापुरतीच. परिपत्रके काढणाऱ्या टेबलांपर्यंत ती पोहोचली नव्हती.

निवडलेल्या धोरणाशी सगळे विभाग जुळवून घेणे कसे असते, ते इंडिगोच्या उदाहरणात दिसते. ऑगस्ट २००६ मध्ये उड्डाणे सुरू केल्यापासून ११ वर्षे या कंपनीने एअरबस ए-३२० हीच विमाने वापरली. त्यामुळे वैमानिकांचे प्रशिक्षण, सुट्या भागांचा साठा, देखभाल या सगळ्यांचा खर्च एकाच हिशेबात बसला. लहान शहरांकडे वळायचे ठरले, तेव्हा २०१७ च्या अखेरीस तिने एटीआर ही छोटी विमाने घेतली आणि त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था उभारली. धोरण बदलले तेव्हा साधनसामग्रीही बदलली.

नागपूरला तर याचा अनुभव घरबसल्या आला आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू होण्यापूर्वी आंतरराज्य विक्रीवरील केंद्रीय विक्रीकर वाचवण्यासाठी कंपन्या राज्याराज्यांत डेपो ठेवीत. म्हणजे गोदाम कुठे असावे, हे मुख्यतः कर पाहणारा माणूस ठरवी. ग्राहकाला माल किती दिवसांत मिळेल, हा विचार नंतरचा. तो कर गेल्यावर अंतराचा हिशेब पुढे आला, आणि राष्ट्रीय महामार्ग ४४ व ५३ जिथे एकमेकांना छेदतात त्या आपल्या शहराकडे गोदामवाल्यांचे लक्ष गेले. जीएसटीने एक अडसर काढला. कंपन्यांनी स्वतःच घालून घेतलेले अडसर कोणताही कायदा काढणार नाही.

पुरवठादारांच्या बाबतीतही असेच घडते. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी, करार असला तरी, ४५ दिवसांत द्यावीत, असे २००६ चा कायदा सांगतो. तरीही देणी लांबवणे हे आमच्याकडे कौशल्य समजले जाई. मग तातडीने एखादे कास्टिंग (ओतीव भाग) हवे असले की फाउंड्रीवाला आधी रोखीच्या गिऱ्हाइकाचे काम काढी, आणि त्याला दोष देता येत नसे.

निवृत्तीच्या चार वर्षे आधी मी ४० सुट्या भागांची यादी करून ती साठाकपातीतून वगळावी, असा प्रस्ताव दिला. तो मंजूर झाला. शिवाय बंद यंत्र किती तासांत सुरू झाले, हा एकच आकडा स्टोअर, मशीन शॉप आणि सर्व्हिस या तिन्ही विभागांच्या मूल्यमापनात धरावा, असेही सुचवले होते. ते मात्र मान्य झाले नाही, कारण चुकले तर जबाबदार कोण, हे ठरेना. मंजूर झालेली यादीही दर फेब्रुवारीत नव्याने सही करून आणावी लागे.

आपले प्रतिनिधी नव्या कारखान्यांच्या व्यवस्थापकांना भेटतात, तेव्हा गुंतवणुकीच्या आकड्यांबरोबर त्यांनी एवढेही विचारावे, ही विनंती: तुमचे गिऱ्हाईक तुमच्याकडे कशासाठी येते, आणि तुमच्या स्टोअरप्रमुखाची पगारवाढ कशावर ठरते?

आपला विश्वासू,
एक निवृत्त स्टोअरप्रमुख,
प्रतापनगर, नागपूर