सुईच्या आधी गोळ्या मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी २२ वर्षं हिशेब लिहिते. हळदीचे सौदे सुरू झाले की पट्ट्या, हमाली, तोलाई सगळं त्याच दिवशी जुळवावं लागतं. त्यातली ११ वर्षं मी अर्धशिशी घेऊन त्या खुर्चीत बसले. डाव्या भुवईवर ठणका सुरू व्हायचा आणि मागे मानेपर्यंत जायचा. ज्या हळदीच्या वासात लहानाची मोठी झाले, तोच वास नकोसा व्हायचा. ओढणी आवळून बांधायची, सुंठ उगाळून लावायची, नाहीतर गोळी. रोकडवहीच्या खणात गोळ्यांची स्ट्रिप कायम असायची.

इतक्या वर्षांत चष्म्याचा नंबर तपासून झाला, सायनसचे एक्स-रे झाले, दोनदा एमआरआय झाला. महिन्याला गोळ्या किती घेता, हे मात्र कुणीच विचारलं नाही. ते पहिल्यांदा विचारलं मिरजेच्या एका मेंदूविकारतज्ज्ञ बाईंनी. म्हणाल्या, महिनाभर वही लिहा, मग या. वही लिहायचं मला शिकवावं लागत नाही. रकाने आखले. महिनाअखेर बेरीज केली : डोकं दुखलं २४ दिवस, गोळी घेतली १९ दिवस. बेरीज मीच केलेली, तरी पुन्हा एकदा मोजून पाहिली.

त्यांनी सांगितलं ते असं : तीन महिन्यांहून जास्त काळ महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस डोकं दुखत असेल आणि त्यातले निदान ८ दिवस अर्धशिशीचे असतील, तर दुखणं जुनाट झालं. दोन-तीन औषधं एकत्र असलेली वेदनाशामक गोळी महिन्यात १० किंवा जास्त दिवस, किंवा साधी गोळी १५ दिवस, अशी महिनोन्‌महिने घेतली तर गोळीच डोकं दुखवायला लागते. म्हणजे मुद्दल अर्धशिशीचं होतं, व्याज गोळ्यांचं चढत होतं.

गोळ्या बंद करायच्या तर पहिले काही दिवस डोकं जास्तच उठतं. तेवढ्या दिवसांना आधार म्हणून त्यांनी डोक्याच्या मागच्या नसेला इंजेक्शन दिलं. याला ऑक्सिपिटल नर्व्ह ब्लॉक म्हणतात. ही नस मानेच्या वरच्या मणक्यांतून निघून टाळूपर्यंत जाते. दुखतं भुवईवर आणि सुई मागे कशाला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, चेहऱ्याच्या नसेचे आणि मानेच्या नसांचे निरोप मेंदूच्या बुडाशी एकाच ठिकाणी येतात, तिथला गोंगाट कमी करायचा.

मेंदूत सुई जाणार म्हणून माझ्या सासूबाई दारात बसून जप करत होत्या. प्रत्यक्षात सुई कवटीच्या बाहेरच, कातडीखाली जाते. टाके घालताना बधिर करायला वापरतात तेच लिग्नोकेन, पाच मिनिटांचं काम. घरी येऊन वेणी घालायला बसले तर डाव्या बाजूला कंगवा लागतोय की नाही कळेना. आरशात बघून भांग पाडला. बधिरपणा संध्याकाळी गेला, ठणका मात्र पाच आठवडे कमी राहिला. त्या पाच आठवड्यांत मी गोळ्या सोडल्या, अर्धशिशी वारंवार उठू नये म्हणून रोज घ्यायचं औषध सुरू केलं. दुसऱ्या इंजेक्शनचा गुण तीनच आठवडे टिकला. माझ्याच दिवशी इंजेक्शन घेतलेल्या एका बाईंना तर काहीच फरक पडला नाही. हे सांगायलाच हवं, कारण सगळ्यांना लागू पडतं असं नाही.

मला राग आहे तो दुसऱ्या एका गोष्टीचा. त्याआधी एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकने 'कायमची सुटका' म्हणून मला नस मोकळी करायच्या शस्त्रक्रियेचा दीड लाखाचा अंदाज दिला होता. मी सोन्याच्या पाटल्या मोडायला निघाले होते. अर्धशिशीसाठीची अशी शस्त्रक्रिया संशोधनाबाहेर सुचवू नये, असं अमेरिकन हेडेक सोसायटीने २०१३ सालीच सांगितलं होतं, हे मला भाच्याने नंतर शोधून दाखवलं. त्या क्लिनिकमध्येही गोळ्यांचा प्रश्न कुणी विचारला नव्हता. बोटॉक्सच्या इंजेक्शनांचं तसं नाही. जुनाट अर्धशिशीसाठी अमेरिकेत त्याला २०१० पासून मान्यता आहे. डोकं, मान आणि खांद्यांत ३१ ठिकाणी टोचतात, दर १२ आठवड्यांनी. पण तो खर्च माझ्या पगारात बसत नाही. ॲडमिट झाला नाहीत म्हणून विमा कंपनीने माझ्या साध्या इंजेक्शनचेही पैसे नाकारले.

म्हणून जिल्हा रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस डोकेदुखीची ओपीडी सुरू करा, अशी आरोग्य खात्याला माझी कळकळीची विनंती आहे. बधिर करायचं औषध तिथे आहेच. नस ओळखून सुई देणारा डॉक्टर शिकवून तयार करा आणि दारातच वही हातात द्या.

मेडिकल दुकानदार भावांनाही एक सांगणं आहे. दर चार दिवसांनी तीच स्ट्रिप न्यायला येणारी बाई तुम्हाला चेहऱ्याने माहीत असते. मला माझा दुकानदार 'ताई, नेहमीची ना?' म्हणून मागायच्या आधीच काढून द्यायचा. तेव्हा त्याने एकदा विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आपली,
अडत दुकानातील एक हिशेबनीस, सांगली