उशीविषयी, उशिरा

प्रिय बयो,

परवा रात्री मी तुला 'ती पिसांची उशी आजपासून डोक्याखाली घेऊ नकोस, पिशवीत घालून तोंड बांधून टाक, कारण पत्रात लिहिते' एवढाच निरोप पाठवला आणि तुझी उलट तीन प्रश्नचिन्हं आली. फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मला मध्येच तोडतेस, मी चिडते आणि सांगायचं ते राहूनच जातं. शिवाय हे सांगताना मला तुझा आवाज ऐकवला नसता. म्हणून पत्र.

आई बरी आहे, हे आधी लिहून टाकते, नाहीतर तू पुढच्या ओळी नीट वाचणार नाहीस. दादाची शुगर आटोक्यात आहे, माझी पाठ होती तशीच आहे. आता मुद्द्यावर येते.

गेल्या वर्षी तू आलीस तेव्हा आईची मान धरली होती, म्हणून तू ती उशी आणलीस. किती मऊ होती! डोकं टेकवलं की हळूहळू खाली जायचं. वर तू स्वतः भरतकाम केलेला अभ्रा, कोपऱ्यात जांभळी फुलं. आईने त्या रात्रीपासून दुसरी उशी घेतली नाही. मान खरंच सुटली. सगळ्यांना सांगायची, 'पोटच्या पोरीला सुचलं नाही ते हिला सुचलं.' मला रागही यायचा आणि बरंही वाटायचं.

चारपाच महिन्यांनी कोरडा खोकला सुरू झाला. मग जिना चढताना मधल्या वळणावर थांबायला लागली. 'बाहेर बघतेय' म्हणायची. त्या वळणावर खिडकी नाही, बयो. संध्याकाळी कणकण, सकाळी पुन्हा ठीक. वजन उतरलं. पहिल्या डॉक्टरांनी दमा म्हणून पंप दिला. तुझ्यामुळे पंप कसा ओढायचा ते मला पाठ, पण उपयोग शून्य. दुसरीकडे हृदय तपासलं. ईसीजी चांगला, इकोही चांगला. छातीचा एक्स-रे स्वच्छ. तिसऱ्या ठिकाणी सांगितलं, वय झालंय, मनाला लावून घेतात, त्यांना गुंतवून ठेवा. आईने ते ऐकलं आणि त्या दिवसापासून ती आमच्यासमोर खोकायची बंद झाली. उठून मोरीत जायची, नळ सोडायची आणि मग खोकायची. हे मला पंधरा दिवसांनी कळलं. ते पंधरा दिवस आठवले की अजून माझ्या पोटात कालवतं.

मग मी घराच्या मागे लागले. चांगलं माणूस घरातच का घुसमटतं, याचा छडा लावायचाच म्हणून. आधी गॅस गिझरचा धूर तपासून घेतला. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही त्यात फसतो, आकडा चांगलाच दाखवतो. रक्तच तपासावं लागतं. रक्त ठीक आलं, आणि आम्ही बाकीचे त्याच घरात ठणठणीत होतो. मग गाद्या. धुळीतले किडे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढे, डोळ्यांना दिसतच नाहीत. चादरी, पांघरुणं 60 अंशांच्या पाण्यात धुतली. एसीची जाळी काढून घासली. खोलीत फवारायचे सुगंध आणि डासांची कॉइल घरातून हद्दपार केली. आणि एके दिवशी कपाट पुढे ओढलं, तर मागे भिंतीवर हातभर काळी बुरशी. मागून पाइप पाझरत होता. मी तिथेच फतकल मारून रडले, आनंदाने. सापडलं! प्लंबर बोलावला, भिंत खरवडली, दहा दिवस आईला दादाकडे पाठवलं.

ती तिथेही खोकलीच. उलट जास्त.

तिथे माझी हिंमत संपली. घर बदललं तरी फरक नाही, म्हणजे दोष घरात नाही, म्हणजे तो आईतच आहे, असं मी धरून बसले. तेवढ्यात तिला जोराचा ताप आला आणि पाच दिवस इस्पितळात ठेवावं लागलं. तिसऱ्या दिवसापासून चेहरा उमलला. घरी आणली आणि दुसऱ्याच रात्री पुन्हा तेच. 'इस्पितळातल्या औषधाने बरं वाटलं होतं' असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

आता तुझ्या वहीचं सांगते. आठवते तुझी ती निळी वही? सकाळ-संध्याकाळ श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणाऱ्या त्या पीक फ्लो मीटरमध्ये तीनदा फुंकायचीस, तिन्हींतला मोठा आकडा लिहायचीस, शेजारी 'आज काय केलं, कुठे होते, कशाचा वास आला'. मी तुला 'फुंकणीवाली' म्हणायचे. आणि कॉइलवरून आपलं ते भांडण. मी म्हणाले होते, डास मला चावतात, तुझं खोकणं नाटक आहे. तू उशी-पांघरूण घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसलीस, आणि मी आतून कडी लावून झोपले. दुसऱ्या दिवशी तू वहीत लिहिलंस, 'कॉइल, रात्रभर, 210'. नाव माझं लिहिलं नाहीस. मी चोरून वाचलं होतं आणि तुला आजवर सांगितलं नव्हतं. बयो, मला माफ कर. आईच्या खोलीबाहेर उभी राहून तो नळाचा आवाज ऐकला तेव्हा कळलं, आपलं खोकणं कुणाला खोटं वाटू नये म्हणून माणूस काय काय करतं.

तर मी तुझ्यासारखी वही घातली. तारीख, वेळ, ताप, खोकला, जिन्याच्या किती पायऱ्या, ऑक्सिमीटरचा आकडा बसल्यावर आणि चालून आल्यावर. बसलेली असताना 96. जिना चढून आली की 87. हा दुसरा आकडा आजवर कुणी घेतलाच नव्हता! सगळे खुर्चीत बसवून बोटाला चिमटा लावायचे आणि 'उत्तम' म्हणायचे.

ती वही घेऊन आम्ही छातीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आईला त्या पहिल्यांदा पटल्याच नाहीत. 'ही तर आपल्या धाकटीएवढी आहे' असं त्यांच्यासमोरच म्हणाली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, 'मग धाकटीला सगळं सांगा.' सव्वा तास ऐकलं त्यांनी. पाठीवर खाली स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. मग माझ्या वहीत दादाकडचे दहा दिवस आणि इस्पितळातले पाच दिवस असे दोन चौकोन आखले आणि विचारलं, 'दोन्ही घरांत आईंबरोबर असं काय होतं, जे इस्पितळात नव्हतं?'

मी म्हणाले, काहीच नाही. माणसं वेगळी, भिंती वेगळ्या, पाणी वेगळं.

'पक्षी? पोपट, कबुतरं? पूर्वी कधी पाळले होते? खिडकीत बसतात?' आम्ही दोघींनी ठामपणे 'नाही' सांगितलं. त्या उशीत पिसं आहेत हे मला माहीत होतं, आईला माहीत होतं, आणि तरी 'पक्षी' म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर पिंजराच आला.

त्या रात्री आईची वेणी घालत होते. मानेजवळ केसांत काहीतरी पांढरं अडकलं होतं. मला वाटलं कापूस. काढलं तर नखाएवढं पीस, टोकाला किंचित वळलेलं, इतकं हलकं की माझ्याच श्वासाने बोटावरून उडालं. मी अभ्रा काढला. उशीच्या शिवणीतून चारपाच बारीक काड्या बाहेर आल्या होत्या, बोट फिरवलं की टोचत होत्या. उशीवर थाप मारली आणि दिव्याच्या उजेडात पिठासारखी धूळ उठली. आणि मला आठवलं, इस्पितळात तीन रात्री आई म्हणत होती, 'माझी उशी आण गं.' मी दमले होते, आणली नाही. दादाकडे मात्र ती स्वतः काखोटीला मारून घेऊन गेली होती.

रात्रभर जागी होते. सकाळी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, 'उशी बांधून बाहेर ठेवा आणि लगेच या.'

मग तपासण्यांची रांग. स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकण्याच्या तपासणीत, दिसलं की दम्यासारखी नळी आवळलेली नाही, फुफ्फुसातच हवा कमी मावते. फुफ्फुसातून रक्तात वायू किती झिरपतो तेही मोजलं, ते बरंच कमी भरलं. एचआरसीटी, म्हणजे फुफ्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन, एकदा श्वास आत घेऊन, एकदा सोडून. एक्स-रेत जे दिसलं नव्हतं ते त्यात होतं. फुफ्फुसभर धुक्यासारखे पट्टे, आणि मधूनमधून हवा कोंडून राहिलेले तुकडे. रक्तात पक्ष्यांच्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. नुसती ती सापडली म्हणजे आजार असं नव्हे, कबुतरं पाळणाऱ्या कितीतरी धडधाकट माणसांतही ती असतात. पण वही, स्कॅन आणि रक्त तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होते. नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. 1965 साली कबुतरं पाळणाऱ्यांमध्ये याचं वर्णन झालं, आणि 2019 मध्ये स्कॉटलंडातल्या डॉक्टरांनी पिसांच्या पांघरुणाने आजारी पडलेल्या एका माणसाची हकिगत छापली, असं बाईंनी सांगितलं. जंतू नाही, संसर्ग नाही. श्वासाबरोबर आत गेलेल्या कणांवर आपलंच शरीर तुटून पडतं. एकदम भरपूर कण गेले तर चारसहा तासांत थंडी-ताप येतो आणि माणसाला संशय येतो. पण रोज रात्री थोडेथोडे गेले तर काही ताळमेळच लागत नाही. आई रोज आठ तास त्यात नाक खुपसून झोपत होती.

बाईंनी हेही दोनदा सांगितलं की असंख्य माणसं पिसांवर झोपतात आणि त्यांना काही होत नाही. कुणाचं शरीर बिथरेल ते आधी कळत नाही. हे वाक्य मी तुझ्यासाठी जपून आणलंय. तुला माहीत नव्हतं, मला नव्हतं, तीन डॉक्टरांना सुचलं नाही. तू मायेने आणलंस. यावर तू रात्री जागायचं नाहीस, मला शब्द हवा.

आईचं म्हणशील तर तिचं मत असं, 'पक्ष्याची बाधा व्हायची तर मांजराला व्हावी, मी काय केलं होतं?' तिने मला शपथ घातली की तुला कधीही सांगायचं नाही. 'पोरीच्या जिवाला लागेल.' मी सव्वा महिना ती पाळली. पण परवा तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. नव्या घराबद्दल सांगताना तू चार वेळा खोकलीस. 'हवा बदलतेय' म्हणालीस. मी तो पुन्हा लावला, पुन्हा मोजलं, चारच. आणि मग मला एकदम आठवलं, उशी देताना तू आईला म्हणाली होतीस, 'जोडीच घेतली, एक तुमची, एक माझी.' माझे हातपाय गार पडले. आईला जाऊन सांगितलं. ती काही बोलली नाही, माझा फोन उचलून माझ्या हातात दिला.

तुझा खोकला दम्याचाच असेल, उशीचा काही संबंध नसेलही. पण छातीच्या डॉक्टरांना उशीचं आपणहून सांग. ते विचारतीलच असं नाही. पंप आपल्या मनाने बंद करू नकोस. जिना चढून आल्यावर ऑक्सिमीटर लाव, नुसतं बसून नको. आणि वही काढ. निळी नसली तरी चालेल.

आईला स्टेरॉइड चालू आहे, दर काही दिवसांनी डोस उतरवतात. रात्री झोप येत नाही म्हणून कपाटं आवरत बसते. धुकं बरंच निवळलंय. एका कोपऱ्यात मात्र व्रण राहिलाय, तो जाणार नाही म्हणतात; तो वाढू नये एवढंच बघायचं. दर तीन महिन्यांनी फुंकायला जायचं. पक्ष्यांची ती प्रथिनं घरात महिनोन्‌महिने रेंगाळतात, म्हणून पडदे, गादी सगळं बदललं, फरशी ओल्या फडक्यानेच पुसते. काल ती जिना न थांबता चढली. वर येऊन मला म्हणाली, 'वळणावर खिडकी नाहीच गं तिथे.'

तुझ्या नोकरीचं काय झालं? बढतीचं पक्कं झालं की अजून लटकतंय? धाकट्याच्या परीक्षेचं कळव. सासूबाईंना नमस्कार. नव्या घराला मी अजून शुभेच्छाही दिल्या नाहीत, त्या आता घे.

उशी टाकून दिली. अभ्रा आईने टाकू दिला नाही. तो गरम पाण्यात दोनदा धुऊन, उन्हात वाळवून, वेगळ्या पिशवीत बांधून ठेवलाय, आणि पुढच्या खेपेला बाईंना विचारायचं ठरलंय की साध्या कापसाच्या उशीवर चालेल का. आई म्हणते, नाही म्हणाल्या तर चौकटीत लावू.

तपासणीची तारीख मिळाली की लगेच फोन कर. या वेळी 'नंतर बोलते' म्हणणार नाही.

तुझी,
रूममेट