लिनक्सवाल्यांकडून पैसे घेताना आधी खरं सांगा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ब्राउझरला बाहेरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे प्लगइन, आता इतिहासजमा झाले असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली वापरणाऱ्या आम्हा लिनक्सवाल्यांसाठी ते अर्धंच खरं आहे, आणि वर्गणी घेणाऱ्या व्हिडिओ सेवा ते आधी सांगत नाहीत, म्हणून हे पत्र.

फ्लॅशचा, म्हणजे व्हिडिओ चालवणाऱ्या अडोबीच्या प्लगइनचा, जमाना ज्यांनी काढलाय त्यांना आठवत असेल, त्याची एक डॉट एसओ फाइल उतरवायची, मोझिलाच्या लपलेल्या फोल्डरात टाकायची, ब्राउझर बंद करून परत उघडायचा, आणि एवढं करून व्हिडिओ फुल स्क्रीन केला की पंखा घरघरायला लागायचा. त्यात २०१२ साली अडोबीने सांगून टाकलं की फायरफॉक्ससाठी लिनक्सवर ११.२ हीच शेवटची आवृत्ती, नवीन फ्लॅश हवं तर क्रोम वापरा. २०१६ला मन बदललं खरं, पण तोवर फ्लॅशचेच दिवस भरत आले होते, २०२० संपताना कारभार आटोपला. मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइट प्लगइनची गतही तीच. मूनलाइट नावाचं मुक्त रूप होतं, पण डीआरएमचा, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या कुलपाचा, भाग त्यात नसल्याने विकतचे सिनेमे चालायचे नाहीत, मग लोकांनी विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनच्या आधाराने पाइपलाइट बनवून विंडोजचंच प्लगइन लिनक्सवर पळवलं!

आता एचटीएमएल फाइव्ह आलं, व्हिडिओ प्लगइनशिवाय ब्राउझरमध्येच चालायला लागले, बरंच सोपं झालं, नाकारत नाही. पण डीआरएमचं कुलूप तसंच आहे, फक्त नाव बदललं. फायरफॉक्समध्ये डीआरएम सुरू केलं की तो गुगलचं वाइडवाइन नावाचं डीआरएम उतरवून घेतो, ते बंद सोर्सचं, आत काय चालतं ते आपल्याला बघता येत नाही. एआरएम जातीचा प्रोसेसर असलेल्या लिनक्सवाल्यांना तर गुगलने कित्येक वर्षं ते दिलंच नाही, लोक गुगलच्याच क्रोमओएस या प्रणालीच्या इमेजमधून फाइल काढून चालवायचे.

बरं, हे सगळं जमवलं तरी काही सेवा लिनक्स दिसला की चित्र मुद्दाम धूसर देतात, कारण लिनक्सवर डीआरएम सॉफ्टवेअरमध्येच चालतं, हार्डवेअरचं संरक्षण नाही. ठीक आहे, त्यांची अट असेल, पण वर्गणी पूर्ण घेता ना? मी पैसे भरले तेव्हा पानावर फुल एचडी लिहिलेलं होतं आणि लिनक्सचा उल्लेख कुठेच नव्हता, कस्टमर केअरला विचारलं तर उत्तर आलं "विंडोजवर ट्राय करा". आणखी एका साइटने तर आत शिरूच दिलं नाही, ब्राउझर सपोर्टेड नाही म्हणे, मी युजर एजंट, म्हणजे ब्राउझर साइटला सांगतो ती ओळख, बदलून विंडोज असल्याचं भासवलं तर तीच साइट त्याच ब्राउझरमध्ये सुरळीत चालली! म्हणजे अडचण तांत्रिक नव्हतीच, कुणीतरी टेस्टिंगचा कंटाळा केला होता.

सोर्स उघडा करा असं मी म्हणतच नाही, ते होणार नाही हे माहितीये. पैसे भरायच्या पानावरच कुठल्या सिस्टिमवर किती रिझोल्यूशन मिळेल ते लिहा, आणि त्याच डीआरएमची एखादी मिनिटभराची क्लिप लॉगिन न करता चालवून बघू द्या. आपल्या तंत्रज्ञानाच्या पानावर नवीन सेवांची परीक्षणं येतात, त्यातही लिनक्सवर काय दिसतं याची एक ओळ दिलीत तर बरं होईल.

आपला,
एक लिनक्सवाला वाचक